रोबोट घेण्याआधी दोन शिफ्ट स्टुलावर बसा

भोसरीच्या जे ब्लॉकमध्ये माझं सहा सीएनसी लेथचं (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या, प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचं) वर्कशॉप आहे. दीड वर्षापूर्वी त्यातल्या एका लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लावायला-काढायला कोबॉट बसवला आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याच्या शेजारी तपासणीचा एआय कॅमेरा. तेव्हापासून महिन्याला दोन-तीन तरी ओळखीचे शेठ बघायला येतात. चहा होतो, मोबाइलवर व्हिडिओ काढला जातो आणि गाडीत बसता बसता प्रश्न येतो, "कितीला पडला?" माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा. त्याच्या आधीचे कोणते, ते इथे लिहितो.

कोबॉट म्हणजे माणसाच्या शेजारी काम करेल असा रोबोटचा हात. कुठे अडला, धक्का लागला की थांबतो. डेन्मार्कच्या ओडेन्समधल्या युनिव्हर्सल रोबोट्सने आपला पहिला हात २००८ मध्ये विकला. चाकणला बजाज ऑटोने हे हात पुढे लवकरच लायनीवर घेतले, त्यामुळे आमच्यासारख्या व्हेंडर लोकांना तो बघून माहीत होता. पण मोठ्या कंपनीत जॉब रोबोटपुढे येतो तेव्हा त्याच्यामागे इंजिनिअरांची फौज असते. आपल्याकडे तो क्रेटमधून, चिपसकट (कापताना निघणाऱ्या धातूच्या सालीसकट) येतो.

हात काय करतो ते आधी लिहा

रोबोटचं कोटेशन मागवण्याआधी वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मशीनशेजारी स्टूल टाका. मी दोन अख्ख्या शिफ्ट बसलो. जॉब होता ईएन ८ पोलादाचा फोर्ज केलेला (तापवून, ठोकून घडवलेला) फ्लँज, म्हणजे जोडणीची चकती, ७८ मिलिमीटर व्यासाचा, कच्चा असताना १.४ किलोचा. मला वाटत होतं ऑपरेटर तीनच गोष्टी करतो: तयार जॉब काढतो, नवा लावतो, बटण दाबतो. दुसरी शिफ्ट संपली तेव्हा वहीत सतरा नोंदी झाल्या होत्या.

तो चक (जॉब पकडणारा मशीनचा शिकंजा) आवळताना जॉबवर तळव्याने एक थाप मारतो, म्हणजे जॉब जॉच्या, चकच्या जबड्याच्या, फेसला (सपाट बाजूला) टेकतो. गुंडाळलेली चिप आकडीने ओढतो. एअर गन मारतो. फोर्जिंगची फ्लॅश लाइन (साच्याच्या सांध्याची उंच रेघ) जॉखाली येऊ नये म्हणून जॉब हातातल्या हातात थोडा फिरवतो. एखादा कच्चा जॉब नुसता उचलूनच बाजूला टाकतो, कारण त्याच्यावर स्केल, म्हणजे भट्टीत धरलेला पापुद्रा, जास्त आहे. इन्सर्ट (कापणारं पातं) संपत आला की आवाजावरून मान वर करतो. यातलं एकही काम सेटअप शीटवर लिहिलेलं नव्हतं. आमच्या जुन्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात. त्यांना विचारलं, "मामा, ही थाप कशाला मारता?" ते म्हणाले, "शेठ, मी कुठं काय करतो, हात करतो."

आता प्रत्येक नोंदीपुढे लिहा: हे काम पुढे कोण करणार? रोबोट, मशीन, फिक्स्चर की माणूसच? ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, तिथे रात्री अडीच वाजता तुमचा सेल (रोबोट आणि मशीनची जोडी) बंद पडणार आहे.

पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, रोबोट आता ऑपरेशनं करतो, जॉब उचलायला काय झालं?" ऑपरेशनचा दा विंची रोबोट, ज्याला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता २००० साली मिळाली, तो सर्जनच्या हाताखाली चालतो. सर्जन कन्सोलवर बसून चिमटा हलवतो, तसतसा आतला चिमटा हलतो. कुठे कापायचं हे यंत्र ठरवत नाही. तुमच्या लेथपुढे रात्री कन्सोलवर कोण बसणार आहे?

चिप तुटत नसेल तर रोबोट नको

सतरापैकी सगळ्यात जास्त वेळ आकडीने खाल्ला. लांब चिप जॉबला गुंडाळली की ग्रिपर, म्हणजे रोबोटचा पंजा, चिपसकट धरतो, जॉब वाकडा बसतो आणि पुढे काय होतं ते लेथवाल्याला सांगायला नको. आम्ही रोबोट येण्याआधी दोन महिने नुसते यावर घालवले. चिपब्रेकर (चिप तोडणारी खाच) बदललेले इन्सर्ट आणले, फीड एका फेऱ्याला ०.२० मिलिमीटरवरून ०.२८ वर नेला, कूलंटचा नोझल बरोबर कटवर आणला. चिप स्वल्पविरामाएवढी पडायला लागली तेव्हा मी ऑर्डर दिली. गंमत म्हणजे एवढ्यानेच, रोबोट नसतानाही, शिफ्टला दहा-बारा जॉब वाढले. तुमचं काम कदाचित इथेच भागेल आणि पुढचं वाचायची गरज उरणार नाही.

थापेसाठी ग्रिपरवर स्प्रिंगचा पुशर बसवला. रोबोट जॉब चकमध्ये घालतो, पुशरने फेसवर दाबून धरतो, मग चक आवळतो. चक आवळताना हात किंचित मोकळा सोडावा लागतो, नाहीतर चक जॉबला आपल्याकडे ओढतो, रोबोटला वाटतं आपल्याला कुणी धडकलं, आणि तो थांबतो. सुरुवातीचे चार दिवस आमचं हेच चाललं होतं. जॉब खरंच टेकलाय का हे कळायला फेसवर बारीक भोकांतून हवा सोडली आहे. जॉब टेकला की भोक बंद होऊन प्रेशर चढतं. चिपचा कण मध्ये आला तर चढत नाही आणि सायकल सुरूच होत नाही.

कच्च्या मालाचे ट्रे लेझरने कापून घेतले. एका ट्रेला ४८ खाचे, प्रत्येक खाचेत एक पिन, जी फ्लॅश लाइनला उलटं बसूच देत नाही. ट्रे भरणं माणसाकडेच ठेवलं आहे, कारण स्केलचा जॉब बाजूला टाकायला अजून मामांच्या बोटांइतकं स्वस्त काही सापडलेलं नाही.

गणित रजिस्टरवरून करा

आमची मशीनिंग सायकल ११० सेकंद. माणूस जॉब बदलायला २० सेकंद घेतो, म्हणजे १३०. आठ तासांतून जेवण आणि दोन चहा मिळून ५० मिनिटं वजा केली तर २५,८०० सेकंद उरतात, म्हणजे १९८ जॉब. रजिस्टरमध्ये सरासरी होती १६५. रोबोट डबल ग्रिपरने १४ सेकंदांत बदली करतो: एका पंजात नवा जॉब घेऊन जातो, दुसऱ्याने तयार काढतो, मनगट फिरवतो, नवा लावतो. ११० अधिक १४, १२४. आठ तास सलग धरले तर २३२. कोटेशनवाला १६५ आणि २३२ मधला फरक दाखवून पेबॅक (पैसे किती दिवसांत वसूल होतील ते) काढून देतो. पण इन्सर्ट रोबोटच्या सेललाही बदलावे लागतात, पातं झिजेल तसा मापाचा ऑफसेट मारावा लागतो, ट्रे उशिरा येतो. माझे आज २०५ पडतात. म्हणजे शिफ्टला ४० जास्त. तुमचा पेबॅक तुमच्या ४० वर काढा, त्यांच्या ६७ वर नको.

आणि सायकल ३० सेकंदांची असेल, जॉब बारमधून (लांब सळीतून) होत असेल, तर रोबोट विसरा आणि बार फीडर घ्या.

पाच किलोचा हात पाच किलो उचलत नाही

मला पहिल्यांदा सुचवलं होतं, "जॉब दीड किलोचा आहे, पाच किलो पेलोड भरपूर झाला." कागदावर बेरीज केली. डबल ग्रिपर २.३ किलो, त्याची प्लेट आणि व्हॉल्व्ह ०.३, एका पंजात कच्चा जॉब १.४, दुसऱ्यात तयार १.१. झाले ५.१. शिवाय वजन मनगटापासून जितकं लांब, तितकी क्षमता कमी होते. आम्ही दहा किलोचा घेतला. पोच म्हणजे रीचही तसाच मोजा: रोबोट उभा कुठे, चक दरवाजापासून किती आत, ट्रेचा शेवटचा खाचा किती लांब. जमिनीवर खडूने आखून दोरीने मोजा. आमच्याकडे खडूच्या रेषेवर कळलं की मशीनचा चिप कन्व्हेअर काढायलाच जागा उरत नव्हती.

स्टँड फरशीत अँकर बोल्टने ठोका. चाकांचं स्टँड डेमोत छान दिसतं. एकदा हँड पॅलेटचा धक्का लागला की शिकवलेली प्रत्येक जागा तीन मिलिमीटर सरकलेली असते.

मशीन आणि रोबोट यांचं बोलणं

हे काम इंटिग्रेटरचं, म्हणजे रोबोट मशीनला जोडून देणाऱ्याचं, तरी मालकाला चार सिग्नल पाठ हवेत: दरवाजा उघडला, चक उघडला, सायकल संपली, अलार्म आला. जुन्या लेथला आपोआप उघडणारा दरवाजा नसतो, तिथे न्यूमॅटिक सिलिंडर बसवावा लागतो. कंट्रोलरमध्ये रिकामे एम कोड (दरवाजा, चक यांसारख्या कामांचे हुकूम) आहेत का, हे मशीनवाल्याला ऑर्डरआधी विचारा. नसले तर तो वेगळा खर्च निघतो आणि तो नेमका शेवटी निघतो.

हवेबद्दल एक सांगतो, कारण पुस्तकी माणूस हे सांगत नाही. जुलैत भोसरीत कॉम्प्रेसरच्या लाइनमधून पाणी येतं. माणसाची एअर गन पाणी थुंकली तर तो शिवी देऊन पुढे जातो. ग्रिपरच्या व्हॉल्व्हमध्ये पाणी गेलं की पंजा हळू मिटतो आणि जॉब पडतो. ड्रायर लावा आणि रोबोटच्या आधी स्वतंत्र एफआरएल (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) बसवा. हवा किंवा लाइट गेली तरी पंजाने जॉब धरून ठेवायला हवा, तसा ग्रिपर मागा. तपासायचं कसं? चालू सेलची हवा स्वतः बंद करून बघा, इंटिग्रेटर समोर उभा असताना.

"कोबॉट आहे, सेफ आहे"

हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, त्याच्या हातात काय आहे? हात गोलसर असेल, थांबतही असेल, पण फोर्जिंगची धार गोलसर नाही. माणूस आणि रोबोट एकत्र काम करतात त्यासाठी २०१६ मध्ये आयएसओ टीएस १५०६६ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आलं. शरीराच्या कोणत्या भागावर किती दाब चालतो हे त्यात दिलं आहे, आणि डोक्या-चेहऱ्याला धडक बसेल अशी मांडणीच करू नये असा त्याचा रोख आहे. म्हणून नुसता हात नाही, ग्रिपर आणि जॉब धरून पूर्ण सेलची रिस्क असेसमेंट लेखी करून घ्या. आमच्याकडे एक एरिया स्कॅनर आहे: कुणी पिवळ्या पट्टीत आलं की वेग उतरतो, लाल पट्टीत आलं की हात थांबतो. इमर्जन्सी स्टॉप एकच दाबला तरी लेथ आणि रोबोट दोन्ही थांबायला हवेत. वायरिंग अर्धवट असेल तर एकच थांबतो.

रोबोटमुळे झालेला पहिला नोंदलेला मृत्यू २५ जानेवारी १९७९ चा, मिशिगनमधल्या फोर्डच्या फ्लॅट रॉक कास्टिंग प्लांटमधला. रॉबर्ट विल्यम्स नावाचा कामगार रॅकवर चढून हाताने माल काढत असताना यंत्राचा हात त्याला मागून लागला. रोबोट थांबलेला दिसला की माणूस आत हात घालतोच, मीही घातला आहे. थांबलेला रोबोट बंद असतोच असं नाही, तो बहुतेक वेळा सिग्नलची वाट बघत असतो. आमच्या दरवाजावर कुलूप आहे आणि त्याची किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात राहते.

कॅमेरा: उजेड आधी, एआय नंतर

मापासाठी एआय वापरू नका. बोअरला (मधल्या भोकाला) एअर गेज, म्हणजे हवेच्या दाबावर माप सांगणारा गेज, आहे, तो मायक्रॉनमध्ये बोलतो. कॅमेऱ्याला द्यायचं ते डोळ्यांचं काम: फोर्जिंगची काळी कातडी राहिली का, फेसवर दणका आहे का, चॅम्फर (कडेचा तिरका काप) सुटला का.

टर्न केलेला फेस आरशासारखा चमकतो. वरून साधी ट्यूब लावली तर दणका दिसतच नाही. कडेने, अगदी खालून येणारा रिंग लाइट लावला की तोच दणका उजळून उठतो. काळी कातडी मात्र डोम लाइटच्या सपाट उजेडात नीट दिसते. आम्ही एका जॉबचे दोन उजेडांत दोन फोटो काढतो. आणि या सगळ्यावर आतून काळा मॅट रंग दिलेला पत्र्याचा डबा घाला. आमच्याकडे डबा नव्हता तेव्हा तीन दिवस रोज चार ते पाचच्या दरम्यान रिजेक्शन उसळायचं. आम्ही फोर्जिंगवाल्याशी फोनवर भांडलोसुद्धा. मग दिसलं की छपराच्या पारदर्शक पत्र्यातून त्याच वेळेला उन्हाचा तुकडा बरोबर कॅमेऱ्याखाली उतरतो. फोर्जिंगवाल्याला पेढे द्यावे लागले.

कूलंटचा थेंबही फोटोत खड्ड्यासारखाच दिसतो. आधी धुवा, मग हवा मारा, मग फोटो.

आता शिकवणं. एआयला चांगल्या आणि खराब जॉबचे फोटो दाखवायचे, तो स्वतः फरक शोधतो. कोणता फरक शोधेल यावर तुमचा ताबा नसतो, आणि इथे आम्ही जोरात आपटलो. आमच्या तपासणीत खराब जॉबवर पिवळ्या मार्करची रेघ मारायची पद्धत. क्रेटमधले रिजेक्ट जॉब घेतले, फोटो काढले, मॉडेल शिकवलं. चाचणीत शंभरातले नव्व्याण्णव बरोबर. मी बायकोला फोन केला. संध्याकाळी मामांनी एक चांगला जॉब घेतला, त्याच्यावर पिवळी रेघ मारली आणि कॅमेऱ्याखाली ठेवला. रिजेक्ट. मग रेघ नसलेला, चक्क दणका असलेला ठेवला. पास. आमचं एआय रंग ओळखायला शिकलं होतं.

रेडिओलॉजीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "मामा, आमच्याकडे पण झालंय." २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एक्स-रेंवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल फोटो कोणत्या हॉस्पिटलातला आहे हे ओळखत होतं. एका हॉस्पिटलात न्यूमोनियाचं प्रमाण जास्त, त्यामुळे तेवढ्यावरच उत्तर बरेचदा बरोबर यायचं. बाहेरच्या हॉस्पिटलातले फोटो दिले की घसरायचं. तेव्हापासून आम्ही चाचणीचे फोटो शिकवणीच्या लॉटमधून काढत नाही. वेगळा लॉट, वेगळा दिवस, जमलं तर वेगळी शिफ्ट. आणि रेघ फोटोनंतर मारतो.

दुसरी गोष्टही भाचीकडूनच आली: कडकपणा कुठे ठेवायचा. टीबीच्या तपासणीत छातीचा एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी, मान्यता दिली. मुंबईच्या क्यूअर डॉट एआयचं असं सॉफ्टवेअर आहे. ते "टीबी आहे" असं ठोकून सांगत नाही, गुण देतं. किती गुणांच्या वरच्याला पुढे पाठवायचं हे तिथल्या कार्यक्रमाने ठरवायचं, आणि वरच्यांची पुढची थुंकीची तपासणी होते, उदाहरणार्थ गोव्याच्या मोलबायोच्या ट्रूनॅटवर. रेषा खाली ओढली की रुग्ण कमी सुटतात, पण निरोगी माणसांची रांग वाढते.

आमचंही तेच. समजा हजार जॉबमध्ये २० खराब आहेत. कॅमेरा त्यातले १९ पकडतो आणि चांगल्यांपैकी पाच टक्के उगाच टाकतो. पाच टक्के ऐकायला किरकोळ, पण ९८० चे पाच टक्के म्हणजे ४९. लाल क्रेटमध्ये ६८ जॉब जमतात आणि त्यातले ४९ चांगले असतात. तो क्रेट परत बघायला माणूस ठेवला नाही तर तुम्ही चांगला माल भंगारात घालताय. माणूस ठेवला तर त्याला हजाराऐवजी ६८ बघायचे आहेत, आणि डोळे ताजे राहतात. फायदा इथे आहे. सुटलेला विसावा खराब जॉब मात्र ग्राहकाकडे जातो, म्हणून तो दोष ब्रेकच्या जॉबवर आहे की झाकणाच्या, त्यावर रेषा ठरवा.

रोज सकाळी पहिल्या जॉबआधी पाच माहीत असलेले खराब जॉब कॅमेऱ्याखालून घालवा. ऑटोवाले याला रेड रॅबिट म्हणतात. पाचही पकडले तरच शिफ्ट सुरू. इन्सर्टची कंपनी बदलली, कूलंट बदललं, तर त्या दिवशी तारखेसकट नोंद करा. फेसचा पोत बदलला की मॉडेल गोंधळतं आणि पंधरा दिवसांनी कारण कुणाला आठवत नाही.

माणसं

रोबोट येणार हे आमच्याकडे चहावाल्याकडून कळलं, ही माझी चूक. ऑर्डर देण्याआधी मीच सांगायला हवं होतं. आठवडाभर शेडमध्ये कुणी माझ्याशी धड बोललं नाही. शेवटी टीच पेंडंट (रोबोटला जागा शिकवायचा रिमोट) मामांच्या हातात दिलं. दहावी नापास माणूस, पण जॉब चकमध्ये कसा जातो हे त्यांना इंटिग्रेटरच्या इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत. आता जागा तेच शिकवतात आणि त्या मशीनसह तीन मशीन बघतात. पगार वाढवला, वाढवावाच लागतो. एका कंत्राटी हेल्परचं काम मात्र गेलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, अर्धा तास द्या: पंजाचे पॅड, पुशरची स्प्रिंग, स्कॅनरची काच, आणि प्रोग्रामचा बॅकअप पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह ऑफिसच्या कपाटात, कंट्रोलरच्या वर नको.

आता तो "कितीला पडला?" हा प्रश्न. नुसत्या हाताला जेवढे पैसे लागले, जवळजवळ तेवढेच पुन्हा ग्रिपर, ट्रे, दरवाजा, स्कॅनर, ड्रायर आणि इंटिग्रेटर यांना लागले. कोटेशनमध्ये हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मागा. डेमो त्यांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर बघू नका, तुमचे पन्नास कच्चे जॉब, स्केलचे धरून, त्यांच्याकडे पाठवा. शेवटचे वीस टक्के पेमेंट तुमच्या शेडमध्ये, तुमच्या हवेवर, सेकंड शिफ्टला सलग आठ तास चालल्यावर द्यायचं, असं पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा. माझ्या पीओत "यशस्वी ट्रायलनंतर" एवढंच लिहिलं होतं, आणि यशस्वी म्हणजे काय यावर आमचे साडेतीन महिने गेले.